पोट भरलेल्या रॅटमध्ये कार्निटीनची कमतरता शोधू नका

प्रश्न बडोद्यातल्याच एका संशोधक विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: विस्टर जातीच्या नर रॅटना तीन आठवडे पिण्याच्या पाण्यातून मिल्ड्रोनेट हे कार्निटीन घटवणारे औषध दिले, दिवसाला किलोमागे २०० मिलिग्रॅम. कार्निटीन म्हणजे मेदाम्लांना जाळण्यासाठी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांत नेणारा रेणू. रक्तातले कार्निटीन पाचव्या हिश्श्यावर आले, यकृतातलेही जवळपास तितकेच खाली गेले. पण एएलटी-एएसटी ही यकृताची इजा दाखवणारी एन्झाइमे नॉर्मल, यकृतातले ट्रायग्लिसराइड जेमतेम वाढलेले, आणि वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रियांनी पामिटॉइल-कोए (मेदाम्लाचे सक्रिय रूप) कंट्रोलइतकेच जाळले. गाइड म्हणतात कमतरतेचे मॉडेल तयार झालेले नाही. डोस दुप्पट करा, नाहीतर व्हॅलप्रोएट या दुसऱ्या औषधावर जा. काय करावे?

माझे मत: दोन्ही करू नका. मॉडेल तयार झालेले आहे, आकडेच तसे सांगतात. फक्त ज्या वेळी आणि ज्या बफरमध्ये तुम्ही यकृताकडे पाहिले, तिथे कमतरता दिसण्याची सोय नव्हती. कार्निटीन किती उरले हा एक प्रश्न आणि उरलेल्यात यकृताचे भागते का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुमच्या मापांत आहे, दुसऱ्याचे अजून मिळालेले नाही.

आधी साधा हिशोब करू, कारण वाद बहुतेक त्यातच मिटतो. रॅटच्या यकृतात ग्रॅममागे साधारण २०० ते ३०० नॅनोमोल कार्निटीन असते. २५० धरा. ग्रॅमभर ऊतीत पेशींतले पाणी सुमारे ०.७ मिलिलिटर, म्हणजे सरासरी प्रमाण ३५० मायक्रोमोलरच्या आसपास. ऐंशी टक्के घट झाली तरी ७० उरते. आता मेदाम्ल कार्निटीनला जोडणाऱ्या, यकृतातल्या सीपीटी-१ या एन्झाइमचा कार्निटीनसाठीचा केएम (ज्या प्रमाणाला एन्झाइम निम्म्या वेगाने चालते ते) पाहा: सुमारे ३० मायक्रोमोलर. मायकेलिस-मेंटेनच्या सूत्रात घाला. नॉर्मल यकृतात एन्झाइम ९२ टक्के वेगाने चालते, तुमच्या रॅटमध्ये ७० टक्क्यांनी. कार्निटीन चार-पंचमांश गेले आणि वेग गेला जेमतेम पाव. हा हिशोब ढोबळ आहे. सगळे कार्निटीन मुक्त धरले, कप्प्याकप्प्यांतला फरक सोडून दिला आणि मॅलोनिल-कोए या सीपीटी-१ अडवणाऱ्या रेणूचा दाब धरलाच नाही. पण दिशा बरोबर आहे. उरलेल्यातले निम्मे ॲसिलकार्निटीनच्या (मेदाम्ल जोडलेल्या कार्निटीनच्या) रूपात अडकले असेल तर मुक्त भाग ३५ वर येतो आणि वेग ५४ टक्क्यांवर. म्हणून मुक्त आणि एकूण कार्निटीन वेगवेगळे मोजा. नुसता ‘एकूण’चा स्तंभ छापून कोणाला काही सांगता येत नाही.

स्नायूचे गणित वेगळे आहे. तिथल्या सीपीटी-१ चा केएम ५०० मायक्रोमोलरच्या घरात आहे, म्हणून स्नायूला मुळातच कार्निटीनचा मोठा साठा लागतो. मात्र स्नायूतला साठा सावकाश रिकामा होतो. रक्त आधी, मग यकृत, आणि हृदय व सांगाड्याचे स्नायू बरेच मागून. शरीरातले पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कार्निटीन स्नायूंत असते आणि रक्तात एक टक्काही नसते. तेव्हा प्लाझ्माच्या आकड्यावरून ऊतीबद्दल बोलताना जपून.

चांदोदला नर्मदेवर होड्या निम्म्या झाल्या तरी एरवीच्या मंगळवारी कोणाच्या लक्षातही येणार नाही. पौर्णिमेच्या गर्दीला मात्र घाटावर रांग लागेल. तुम्ही रॅटना सकाळी पोट भरलेल्या अवस्थेत मारलेत, म्हणजे मंगळवारी होड्या मोजल्यात. खाल्लेल्या प्राण्यात इन्सुलिन वर असते, मॅलोनिल-कोए भरपूर असते आणि त्याने सीपीटी-१ आधीच दाबलेले असते. मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी डॅलसमध्ये १९७७ च्या सुमारास हे दाखवून दिले आणि तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकात आहे. मेद जाळायचाच नाही अशा वेळी तो आत नेणारे रेणू कमी पडले तर फरक कशात दिसणार?

उपाशी ठेवा. पण उपवास म्हणजे काय हे ठरवून ठेवा, कारण गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. रॅट रात्री खातो. सकाळी नऊला खाणे काढून संध्याकाळी पाचला मारले, तर तो उपवास कागदावरच राहतो; त्या आठ तासांत तो एरवीही फारसे खात नाही. संध्याकाळी सहाला खाणे काढा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत, म्हणजे चोवीस तास, थांबा. जाळीचा तळ असलेला पिंजरा वापरा. रॅट स्वतःची लेंडी खातो, आणि भुशाचा थर असेल तर तोही चघळतो. पाणी चालू ठेवायचे, पण उपाशी रॅट पाणीही कमी पितो, कारण त्याचे पिणे खाण्याशी बांधलेले असते. तुमचे औषध पाण्यात आहे. म्हणजे नेमक्या कसोटीच्या दिवशी डोस घसरणार. तीन आठवड्यांनंतर एका दिवसाच्या घसरणीने कार्निटीन परत वर येणार नाही, हे खरे. तरी त्या दिवशी तोच डोस नळीने तोंडावाटे दिला की परीक्षकाचा एक प्रश्न कमी होतो.

चोवीस तासांनी नॉर्मल रॅटच्या रक्तात बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, म्हणजे यकृत मेदापासून बनवते तो मुख्य कीटोन, एक मिलिमोलरच्या वर गेलेले असते. शेपटीतून एक थेंब घेऊन माणसांसाठीच्या कीटोन पट्टीवर मोजले तरी काम चालते. ग्लुकोज त्याच थेंबात. कमतरतेच्या गटात कीटोन त्या मानाने कमी आणि ग्लुकोज अधिक खाली असे चित्र आले पाहिजे. दोन्ही एकत्र का, तर यकृताला नवे ग्लुकोज बनवायला लागणारा एटीपी मेद जाळूनच मिळतो, आणि त्या वाटेवरचे पायरुव्हेट कार्बॉक्सिलेज हे एन्झाइम चालू राहायला असिटिल-कोए लागते, तेही तिथूनच. मेद अडला की यकृत ग्लायकोजनवर जगते आणि तो साठा लवकर संपतो. म्हणून बारा, अठरा आणि चोवीस तासांचे ग्लायकोजन मोजता आले तर अवश्य मोजा. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत बोलका आलेख तोच ठरेल. पण त्यासाठी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे प्राणी मारावे लागतात. समिती तेवढी संख्या मंजूर करेल का, ते बघा.

कीटोन कमी आले म्हणून लगेच कार्निटीनला दोष देऊ नका. मुक्त मेदाम्ले मोजलीत का? चरबीच्या पेशींतून मेदाम्ले कमी सुटली तरी कीटोन कमीच येणार. मेदाम्ले कंट्रोलइतकी किंवा जास्त, आणि तरीही कीटोन कमी, असे असेल तरच अडथळा यकृतात आहे असे म्हणता येते. दोन्हींचे गुणोत्तर प्रत्येक प्राण्यासाठी वेगळे काढा; गटाच्या सरासरीला सरासरीने भागू नका.

आता मायटोकॉन्ड्रियांकडे. तुमच्या बफरची कृती पुन्हा वाचा. पामिटॉइल-कोए जाळण्याच्या बहुतेक प्रचलित कृतींत अर्धा ते दोन मिलिमोलर एल-कार्निटीन बाहेरून घालतात. तीन आठवडे खपून रॅटच्या यकृतातले कार्निटीन ७० मायक्रोमोलरवर आणायचे आणि मग परीक्षानळीत २००० मायक्रोमोलर ओतायचे! नळीतच कमतरता भरून निघाली, आणि निकाल कंट्रोलसारखा आला. शिवाय सेंट्रिफ्यूजमधल्या धुण्यात पेशीद्रवातले कार्निटीन दोन्ही गटांत निघूनच जाते. म्हणजे त्या प्रयोगाने कमतरता नाही असे सिद्ध झाले नाही. त्याने दुसरीच गोष्ट सिद्ध केली, आणि ती मोलाची आहे: तुमच्या रॅटची एन्झाइमे शाबूत आहेत. सीपीटी-१, पलीकडचा वाहक, सीपीटी-२, बीटा-ऑक्सिडेशनची साखळी, श्वसनसाखळी, सगळे ठीक. फक्त कार्निटीन नाही. रासायनिक कमतरतेच्या मॉडेलमध्ये नेमके हेच हवे असते. तो आलेख टाकून देऊ नका, प्रबंधात ठळक जागी घाला.

त्याला जोडून तीन इंधने चालवा. पामिटॉइल-कोए सोबत कार्निटीन, नुसते पामिटॉइलकार्निटीन, आणि ऑक्टॅनोएट. पामिटॉइलकार्निटीनला सीपीटी-१ लागत नाही. ऑक्टॅनोएट आठ कार्बनचे, यकृताच्या मायटोकॉन्ड्रियात ते कार्निटीनशिवाय आत जाते आणि आतच सक्रिय होते. मग बाहेरून कार्निटीन न घालता ताजे यकृत-होमोजिनेट किंवा वेगळ्या केलेल्या यकृतपेशी घेऊन त्यांना पामिटेट द्या. इथे फरक दिसला पाहिजे, आणि ऑक्टॅनोएटला दिसता कामा नये. पेशी वापरल्या तर त्याच पेशींतले कार्निटीनही मोजा. कोलॅजनेजच्या धुण्यात काही गळून जातेच. कार्बन-१४ लावलेल्या पामिटेटने काम करणार असाल, तर नुसता कार्बन डायऑक्साइड पकडू नका. यकृत मेदाम्लाचा मोठा भाग कीटोन करून बाहेर सोडते आणि तो आम्लात विरघळणाऱ्या अंशात सापडतो. दोन्हींची बेरीज करा.

किरणोत्सर्गी कामाची परवानगी विभागाकडे नसेल तर हेच जिवंत प्राण्यात करता येते, आणि मला ते जास्त आवडते. उपाशी रॅटना नळीने एमसीटी तेल (ऑक्टॅनोएटसारख्या मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे) द्या, दुसऱ्या गटाला तितक्याच उष्मांकाचे मक्याचे तेल. पुढच्या तीन-चार तासांत कीटोन मोजत राहा. कमतरतेच्या रॅटमध्ये एमसीटीने कीटोन कंट्रोलसारखे चढतील, मक्याच्या तेलाने रेंगाळतील. एवढ्या एका प्रयोगाने ‘यकृताची कीटोन बनवण्याची क्षमताच गेली’ हा आक्षेप बाद होतो. एमसीटीच्या जागी खोबरेल वापरू नका. कोणीतरी हमखास सुचवते. खोबरेलात बारा कार्बनचे लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मे असते, आठ-दहा कार्बनवाली थोडीच. निकाल धड इकडचा येत नाही, धड तिकडचा.

एएलटी नॉर्मल आले याचे वाईट वाटून घेऊ नका. एएलटी पेशी फुटल्याचे सांगते, पेशीत मेद साठल्याचे नाही. ट्रायग्लिसराइडसाठी फोल्चच्या पद्धतीने, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल दोनास एक, काढलेला अर्क घ्या आणि आकडा तीन प्रकारे द्या: ग्रॅममागे, प्रथिनामागे, आणि अख्ख्या यकृतामागे. चोवीस तासांच्या उपवासात ग्लायकोजन आणि त्यासोबतचे पाणी जाऊन यकृताचे वजनच घटते. ग्रॅममागचा आकडा त्यामुळे आपोआप फुगतो आणि नवशिके त्याला मेदवृद्धी समजतात. कार्निटीनचेही तेच. त्यात नॉर्मल रॅटच्या यकृतात उपवासाने कार्निटीन खरोखरच वाढते, तेव्हा खाल्लेल्या कंट्रोलशी उपाशी प्रयोगगटाची तुलना कधीही करू नका. माइसवर काम करणाऱ्यांसाठी जादा सूचना: एका दिवसाच्या उपवासाने माउसचे यकृत औषधाशिवायही चांगलेच मेदाळते.

स्लाइडसाठी गोठवलेले काप आणि मेद रंगवणारा ऑइल रेड ओ. पॅराफिनच्या वाटेवर अल्कोहोल आणि झायलीन मेद विरघळवून नेतात, मागे राहतात नुसत्या पोकळ्या. आणि पोकळी ग्लायकोजनचीही असू शकते. थेंब बारीक आहेत की मोठे, हे पॅथॉलॉजिस्टला गट न सांगता नोंदवायला लावा.

डोस दुप्पट करण्याबद्दल. मिल्ड्रोनेट रिगामध्ये इवार्स काल्विन्श यांच्या गटाने १९७० च्या दशकात तयार केले; पुढे ते हृदयाचे औषध म्हणून वापरात आले. १ जानेवारी २०१६ पासून ते खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांत गेले, त्यामुळे त्याचे नाव प्रयोगशाळेबाहेरही माहीत झाले. ते दोन ठिकाणी काम करते: गॅमा-ब्युटिरोबीटेनपासून कार्निटीन बनवणारे शेवटचे हायड्रॉक्सिलेज अडवते, आणि ओसीटीएन-२ या वाहकावर कार्निटीनशी स्पर्धा करून मूत्रपिंडातले पुनर्शोषण बिघडवते. बनणे कमी आणि गळणे जास्त. रॅटमध्ये हे हायड्रॉक्सिलेज मुख्यतः यकृतात असते, माणसात मूत्रपिंडातही भरपूर, म्हणून रॅटचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावायचे नाहीत. प्रयोगांत साधारण १०० ते ४०० मिलिग्रॅमचा पट्टा वापरला जातो. २०० मध्ये तुमचे काम झाले आहे. वर गेलात तर कार्निटीन आणखी किंचित उतरेल, पण मिल्ड्रोनेटचे स्वतःचे इतर परिणाम, उदाहरणार्थ कार्निटीनला असिटिल गट जोडणाऱ्या कार्निटीन असिटिलट्रान्स्फरेजवरचा अडथळा, मधे येऊ लागतील. मग निकाल कार्निटीन नसल्याचा की मिल्ड्रोनेट असल्याचा, हे सांगणे कठीण.

डोस वाढवण्यापेक्षा आत्ताचा डोस खरोखर २०० आहे का, ते तपासा. बडोद्यात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी एसी बंद पडला की प्राणिगृहातले तापमान किती चढते ते रात्रीच्या नोंदवहीत दिसत नाही. २५० ग्रॅमचा रॅट दिवसाला २५ मिलिलिटर पाणी पितो असे धरून मिलिलिटरला २ मिलिग्रॅमचे द्रावण केले असेल, तर उन्हाळ्यात ३५ मिलिलिटर प्यायल्यावर डोस २८० होतो. उलट बाटलीच्या नळीतून गळलेले पाणी प्यायलेले म्हणून धरले तर डोस कागदावर पुरा आणि पोटात कमी. बाटल्या रोज वजन करा, आणि एक बाटली रिकाम्या पिंजऱ्याला लावून गळतीचा आकडा वजा करा. पावसाळ्यातली अडचण वेगळीच: मिल्ड्रोनेट ओलावा पटकन शोषते. जुलैमध्ये उघडी बाटली तराजूशेजारी ठेवून सावकाश वजन केले तर तुम्ही पाणी तोलता आहात. डेसिकेटरमध्ये ठेवा, लहान पुड्यांत विभागा. आणि बाटलीवर डायहायड्रेट लिहिले आहे का ते बघा. निर्जल रूपाचे रेणुभार १४६, डायहायड्रेटचे १८२. निर्जल २०० मिलिग्रॅम म्हणजे डायहायड्रेट सुमारे २५०. पद्धतीच्या प्रकरणात कोणते रूप ते लिहिलेच पाहिजे. पुष्कळ शोधनिबंधांत ते लिहिलेले नसते आणि मग दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत म्हणून चर्चा रंगते.

मोजमापातही एक खोड आहे. या रॅटमध्ये गॅमा-ब्युटिरोबीटेन साठत जाते. मास स्पेक्ट्रोमीटरवर त्याचे आयन १४६ वर येते, आणि त्यातल्या नैसर्गिक कार्बन-१३ मुळे १४७ वर छोटे शिखर उमटते. मिल्ड्रोनेटचे आयनही १४७ वरच. कॉलमवर दोन्ही वेगळी केली नाहीत तर ऊतीत मिल्ड्रोनेट किती, याचा आकडा चुकतो. कार्निटीन १६२ वर असल्याने ते सुटते. एन्झाइमच्या पद्धतीने कार्निटीन मोजत असाल तर ती पद्धत कार्निटीन असिटिलट्रान्स्फरेजवरच चालते, ज्याला मिल्ड्रोनेट अडवते. नमुन्यात ठरावीक कार्निटीन मिसळून ते पुरते परत मिळते का, हे मिल्ड्रोनेट दिलेल्या रॅटच्या नमुन्यातच पाहा. कंट्रोलच्या नमुन्यात पाहून उपयोग नाही.

व्हॅलप्रोएटकडे मी वळणार नाही. अपस्मारावरचे हे औषध व्हॅलप्रोइलकार्निटीन करून कार्निटीन बाहेर नेते, हे खरे. पण ते कोएन्झाइम-ए अडकवून ठेवते, त्याचे ४-ईन हे चयापचयित स्वतंत्रपणे बीटा-ऑक्सिडेशन बिघडवते, आणि युरियाचक्रालाही धक्का लागतो. मेदाळलेले यकृत लवकर मिळेल, पण त्यात कार्निटीनचा वाटा किती ते सुटे करता येणार नाही. तुमचा विषय व्हॅलप्रोएटची विषबाधा असता तर गोष्ट निराळी. पिव्हॅलेट त्या मानाने सरळ आहे: सोडियम पिव्हॅलेट पाण्यातून, सामान्यतः २० मिलिमोलर. सस्तन प्राण्यांना पिव्हॅलिक आम्ल जाळता येत नाही, म्हणून त्यातले काही कार्निटीन सोबत घेऊन लघवीवाटे जाते. कंट्रोलला तितकाच सोडियम बायकार्बोनेटमधून द्यावा लागतो. हृदयाच्या अभ्यासाला हे मॉडेल चांगले, यकृतासाठी मला ते सौम्य वाटते.

जेव्हीएस माइस, म्हणजे जन्मतःच कार्निटीन कमी असलेली माइसची जात, हे आनुवंशिक टोक. जपानमध्ये १९८८ मध्ये त्यांचे वर्णन झाले, आणि पुढे कळले की बिघाड ओसीटीएन-२ च्या जनुकात आहे. मेदाळ यकृत, ग्लुकोज खाली, अमोनिया वर. तुमच्या रॅटकडून तितक्या तीव्र चित्राची अपेक्षा ठेवू नका. त्या माइसमध्ये कमतरता जन्मापासून असते, आणि दूधपित्या वयात, जेव्हा आहारच मेदाचा असतो आणि यकृताची स्वतः कार्निटीन बनवण्याची क्षमता कमी, तेव्हा ती बाधते. तुम्ही घेतलेत प्रौढ रॅट, धान्याच्या गोळ्यांवर वाढलेले. अमोनिया मोजायचाच असेल तर रक्त बर्फावर घेऊन ताबडतोब प्लाझ्मा वेगळा करा. टेबलावर अर्धा तास ठेवलेल्या नळीत अमोनिया आपणहून वाढतो.

आहाराचा मुद्दा तुम्ही लिहिलाच नाही, म्हणून विचारते: गोळ्यांत काय आहे? माशाचे किंवा मांसाचे पीठ असेल तर त्यातून कार्निटीन रोज पोटात जाते. शुद्ध घटकांचा आहार करायचा तर जीवनसत्त्वविरहित केसीन घ्या, पण लायसिन आणि मेथिओनिन पुरेसे राहू द्या, कारण कार्निटीनचा सांगाडा लायसिनचा आणि मिथाइल गट मेथिओनिनचे. लायसिन कमी पडले तर कमतरता आहारातूनच सुरू होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत महताब बामजी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हेच रॅटमध्ये दाखवले: लायसिन कमी, ऊतींतले कार्निटीन कमी, ट्रायग्लिसराइड साठलेले आणि मेदाम्लांचे ज्वलन मंद. धान्यावर पोसलेल्या मुलांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. कोलीनही पुरेसे ठेवा. ते कमी पडले तर यकृत मेदाळते, पण ते व्हीएलडीएल (यकृतातून मेद रक्तात नेणारे कण) बाहेर न पडल्याने, ज्वलन अडल्याने नाही. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली परंपराही संदर्भप्रकरणात यायला हरकत नाही. प्राणिशास्त्र विभागात जे. सी. जॉर्ज यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत पक्ष्यांच्या उड्डाणस्नायूंत मेद हेच इंधन कसे आहे यावर काम उभे केले. कबुतराच्या छातीच्या स्नायूवरचे ते काम जगभर वाचले गेले, आणि आज आपल्याच इमारतीत फार थोड्यांना ते ठाऊक आहे.

जनुकांच्या एमआरएनएवर फार भिस्त ठेवू नका. न जळलेली मेदाम्ले पीपीएआर-अल्फा या, मेद जाळण्याची जनुके चालू करणाऱ्या, प्रथिनाला जागे करतात, मग सीपीटी-१ए, एसीओएक्स-१, सीवायपी-४ए असे सगळे वर जातात. एवढ्यावरून ‘ज्वलन वाढले’ असे निष्कर्षात लिहिलेले मी परीक्षक म्हणून वारंवार वाचते. संदेश वाढले म्हणजे मागणी वाढली. काम झाले का, ते कीटोनवरून ठरते. पेरॉक्सिसोम या पेशीतल्या दुसऱ्या कप्प्यातले ज्वलन मात्र खरोखर वाढू शकते, कारण तिथे मेदाम्लाला आत जायला कार्निटीन लागत नाही. सायनाइड घालून (म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बंद करून) पामिटॉइल-कोएचे ऑक्सिडेशन मोजले की तो हिस्सा वेगळा कळतो. त्या वाटेवर साखळी फक्त आखूड होते, पहिल्या पायरीला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो आणि एटीपी मिळत नाही. त्यामुळे हा पर्याय यकृताला पूर्ण तारत नाही.

एक गट अजून हवा: मिल्ड्रोनेटसोबत एल-कार्निटीन. तो नसेल तर कमतरतेमुळे असे झाले, हे वाक्य लिहिता येत नाही. पण जास्त कार्निटीन ओसीटीएन-२ वर मिल्ड्रोनेटलाच हटवते आणि लघवीवाटे बाहेर घालवते. म्हणजे सुधारणा झाली तर ती कार्निटीन भरून निघाल्याने की औषध उतरल्याने? म्हणून या गटातल्या यकृतात मिल्ड्रोनेटही मोजायचे. सोबत नुसत्या कार्निटीनचा लहान गट, आणि मिल्ड्रोनेटचे रॅट कमी खात असतील तर तेवढेच खाणे दिलेला कंट्रोल. सगळे नर ठेवलेत ते ठीक; नर-मादी मिसळू नका.

राहिला परवानगीचा भाग. पूर्वीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए, या प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या नियमांप्रमाणे तुमच्या संस्थेच्या प्राणी आचारसमितीपुढे जो फॉर्म बी मंजूर झाला आहे, त्यात चोवीस तासांचा उपवास लिहिलेला नसेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज करा. अर्जात थांबण्याची मर्यादा स्पष्ट द्या: उपवासाच्या शेवटच्या सहा तासांत दर दोन तासांनी ग्लुकोज, आणि रॅट सुस्त पडला, हाताळल्यावर प्रतिसाद देईना किंवा अंग थंड लागले की वाट न पाहता त्याला प्रयोगातून काढायचे. आधी प्रत्येक गटातल्या दोन-तीन प्राण्यांवर अठरा तासांची चाचणी घ्या. फरक तिथेच स्पष्ट दिसला तर चोवीस तास ताणण्याची गरज नाही. समितीला लागणारी संख्या ठरवायलाही त्याच चाचणीतले कीटोनचे विचलन वापरता येईल. गाइडपुढे जाताना वरचा केएमचा हिशोब आणि बफरची कृती एवढी दोनच पाने घेऊन जा. आणि मुख्य प्रयोग मेमध्ये लावू नका, दिवाळीनंतर लावा.